खळ्यावर शिकलेली सायकल

ये गो, अशी जवळ ये. म्हणजे या कागदाच्या जवळ. तू स्वतः कुठली येतेस! गेल्या खेपेला आलीस ती उंबऱ्याबाहेरच उभी, "आजी, जीप थांबलीय" म्हणत. चहा अर्धा टाकून गेलीस. आणि आता समुद्राचं रंगीत कार्ड पाठवतेस, मागं चार ओळी खरडून. मैत्रिणींबरोबर सुटीला गेले होते, भाड्याच्या सायकली घेतल्या, डोंगरावरनं थेट बंदरापर्यंत उतरलो, आजी, तुला काय कळणार त्यातली गंमत!

मला काय कळणार? अगं, तुझा बाप पाळण्यातही नव्हता तेव्हा मी त्याच शहरात, त्याच डोंगरावरनं, भाड्याच्याच सायकलवरनं उतरलेय. तेही नऊवारीचा काष्टा मारून. तू कधी विचारलं नाहीस नि मी कधी सांगितलं नाय. शहराचं नाव तुझ्या कार्डावर छापलेलं आहे, मी लिहिणार नाय. ते घेतलं की अजून ओठाला आंब्याचा चीक लागल्यासारखं होतं.

आता लिहायलाच बसलेय तर सगळं लिहिते. माझं अक्षर वाकडं आहे, संभाळून घे. शाळेत मी गेलेली नाय. बाराखडी तुझ्या आजोबांनी लावून दिली, पुढचं मी वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकले. म्हणून मी लिहिते तेही बोलल्यासारखंच.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीचा उन्हाळा. माझं लग्न होऊन दुसरं वर्ष लागलं होतं. हे मुरबाडच्या पलीकडं एका खेड्यात मास्तर होते, चार इयत्तांना मिळून एकटे. शाळेच्या ओट्यावरनं सिद्धगड दिसायचा. आमची भातशेती, माझ्या बापाची बैलगाडी, आणि यांची शाळा, एवढं आमचं जग. माझी त्यावर काय तक्रार नव्हती.

तक्रार होती ती माझ्या नणंदेची. यांच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हा हिचं लग्न झालेलं होतं, नवरा त्या शहरात कचेरीत कारकून. धाकट्या भावाला तिनं आपल्याकडं नेलं, न्हाऊमाखू घातलं, सातवी फायनलपर्यंत शिकवलं. हे खरं आहे, मी नाकारत नाय. पण ते तिनं आयुष्यभर यांच्या मानेवर जू ठेवावं तसं ठेवलं. यांनी मास्तरकी घेतली ती आपल्या गावाकडं, आणि लग्न केलं ते माझ्याशी. दोन्ही तिला न विचारता. लग्नाला ती आली नाय. निरोप धाडला, "पोटऱ्या उघड्या टाकून भाताची लावणी करणारी भावजय मला नको."

त्या वर्षी तिचं पत्र आलं. मोठ्या शाळेत मास्तरची जागा होतेय. कमिटीतल्या एका वजनदार माणसाशी बोलून ठेवलंय. सुटीत या, त्यांना भेटा, आणि मृगाच्या आधी राहायलाच या. मागची खोली रिकामी आहे. आणि शेवटी एक ओळ होती, ती यांनी वाचताना गाळली. पण मला तोवर जोडाक्षरं यायला लागली होती. "माझी कामवाली सोडून गेली आहे, तेव्हा तुझ्या बायकोचाही उपयोग होईल."

मी म्हटलं, "मी नाय येणार."

हे म्हणाले, "अगं, बघ तरी आधी. तू समुद्र पाहिलेला नाहीस. मी तुला सायकलवरनं सगळं शहर दाखवतो. नाही आवडलं तर परत येऊ. शब्द."

आता सायकलचं सांगते. मुरबाडच्या बाजारात एक जण सायकली भाड्यानं द्यायचा. हे कधीमधी शाळेच्या कामाला एखादी घेऊन यायचे. मळणी आटपली की आमचं खळं रिकामं व्हायचं. शेणानं सारवलेलं, परातीसारखं गोल नि सपाट, मधोमध मेढ, म्हणजे बैल जिच्याभोवती फिरतात तो लाकडाचा खांब. त्या खळ्यावर मी सायकल शिकले. बैल जसे फिरतात तशीच फिरायची, डाव्या हाताला, गोल गोल. थांबायचं झालं की मेढीला मिठी मारायची. ब्रेकशी माझं काम पडलं नाय, आणि उजवीकडं वळायचं तर कधी डोक्यातसुद्धा आलं नाय. यांना वाटलं, मला सायकल येते. मलाही तसंच वाटलं. माझा बाबा मात्र खळ्याच्या काठाला बिडी ओढत म्हणाला होता, "पोरी, तू सायकल नाय चालवत, तू मळणी करतेस."

आमी मुंबईहून बोटीनं गेलो. बोट बंदराबाहेर उभी राहते, पडावात, म्हणजे लहान होडीत, उतरावं लागतं. बोट लागून मी अर्धी झालेली, पडावातनं धक्क्यावर पाय ठेवला, तर समोर नणंद. पहिलं वाक्य काय? "पदर नीट घे. आणि इथं फार बोलू नकोस."

वाटेत यांना सांगते, "या आळीत आम्ही नवे आहोत. मी सांगितलंय, भाऊ कल्याणला असतो. मुरबाड म्हणायचं नाही."

मला राहवलं नाय. "का वन्सं? मुरबाड काय शिवी हाय?"

"हाय नाही, आहे," ती म्हणाली. "बघितलंस?" आणि तेही यांच्याकडं बघून.

मी बरोबर आमच्या शेतातला तांदूळ नेला होता. लाल, घरी कांडलेला, पायलीभर गाठोडं डोक्यावरनं आणलेलं. तिनं गाठ सोडून बघितला नि पायानं पलंगाखाली सारला. "हा आमच्याकडं गडीमाणसं खातात." पुढं पाणी भरायला मला लावलं. विहीर डोंगराच्या खाली, घर डोंगराच्या वर, मधे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी. शंभर घागरींत मी तिच्या मागच्या खोलीतला माझा सगळा जन्म बघून घेतला. तो असाच जाणार होता, वर नि खाली.

दुसऱ्या दिवशी हे म्हणाले, चल. बाजारात सायकलवाल्याकडं गेलो. तासावर सायकल मिळायची. यांनी दोन मागितल्या. त्यानं माझ्याकडं खालपासून वर बघितलं.

"दुसरी कुणाला?"

"हिला."

"बायकांची सायकल माझ्याकडं नाही, मास्तर. मधे दांडा आहे."

मी म्हटलं, "काष्ट्याला दांडा नडत नाय."

दुकानात बसलेले दोघंतिघं हसले. एक म्हणाला, "पुढं मास्तरीण, मागं मास्तर! आता शाळा कोण कोणाची घेणार?" सायकलवाल्यानं सायकल दिली, पण हँडलला धरून बजावलं, "ब्रेक जरा सैल आहेत. उतारावर चालत उतरा. आमचं शहर म्हणजे तुमचं माळरान नाही."

पहिले दोन दिवस असेच गेले, शिव्या खात. वर सड्यावर मोकळं होतं, तांबडा दगड नि वाळलेलं गवत, तिथं मला बरं चालवता यायचं. पण माणूस भेटला की तो थांबायचाच. पाणी नेणाऱ्या बायका घागरी खाली ठेवून बघायच्या. एक म्हातारा काठी आडवी धरून उभा राहिला, "उतर! उतर खाली! तुझ्या घरात कोणी मोठं नाही काय?" एका घरातनं भाताचा पेंढा भिरकावला कोणी. बंदराकडं गेलो तर मासे निवडणाऱ्या बायकांनी नुसता धुडगूस घातला. "मास्तर, तुमची मागं ऱ्हायली तर आमच्या टोपलीत घालून देऊ काय?" हे खाली मान घालून पुढं जायचे. मी थांबून उत्तर द्यायचे. रागानं मला दुप्पट जोर यायचा. चढावर मी यांच्या पुढं असायचे.

तुला वाटेल, आजी भांडकुदळ. होतेच मी. पण मी काय आपल्या हौसेनं फिरत नव्हते. मला शहर आवडायचं नव्हतं, म्हणून बघत होते. प्रत्येक शिवी मी मनात गाठीला बांधत होते, की तिसऱ्या दिवशी यांच्यापुढं ओतीन नि म्हणेन, बघा, इथं राहायचंय? चला घरी.

उतार मात्र जड जायचे. दुसऱ्या दिवशी एका उतारावर सायकल हातात राहीना, मी अनवाणी पाय जमिनीला घासत उतरले, टाचांचं सालडं निघालं. नणंदेनं बघितलं, म्हणाली, "बरं झालं. उद्या तरी पाणी वेळेवर येईल." हळद मी मागून घेतली, तिनं दिली नाय आपणहून.

तिसऱ्या दिवशी आमी वरच्या सड्यावर होतो, आणि घरी जायला तो मोठा उतार. तू कार्डावर लिहिलास तोच असेल. खाली कौलं, माड, आणि पलीकडं समुद्र. हे म्हणाले, "चालत जाऊ."

टाच जमिनीला टेकवत नव्हती मला. म्हटलं, "चालणार नाय. फांदी बांधा."

"कसली फांदी?"

आमच्याकडची रीत तुला ठाऊक नसेल. बाबा डोळखांबाच्या जंगलातनं लाकडं भरून आणायचा. भरली गाडी उतारावर बैलांच्या अंगावर येते. मग झाडाची चांगली पानांची फांदी तोडायची, गाडीच्या मागं दोरीनं बांधायची. ती जमिनीला घासत येते, गाडीला मागं ओढून धरते. लहानपणी मी गाडीवर बसून मागं त्या फांदीचा धुरळा बघत घरी आलेय. उताराला फांदी, हे आमच्या डोक्यात असं पक्कं की त्यात विचार करायचं काय नसतंच.

हे हसले. "सायकलला? लोक हसतील."

"लोक तीन दिवस हसतायत. आज काय कमी हसणार?"

काजूची एक मोडकी फांदी पडली होती, सगळी पानं शाबूत. माझ्या कॅरिअरला काथ्याच्या दोरीनं मी स्वतः बांधली. आणि बसले.

बाय, ती सायकल अशी उतरली! खरखर खरखर मागं फांदी, तांबडा धुरळा, आणि पुढं मी, हळूहळू, राणीसारखी. हात सैल सोडले मी. वारा खारट. समुद्र इतका समोर की खाली जाऊन त्यातच थांबेन असं वाटावं. हे वरनं ओरडत होते, "जमतंय काय?" मी मागं बघितलं नाय. तो अर्धा मैल माझ्या आयुष्यात पुन्हा आला नाय. ते तेवढं बाजूला ठेव, त्याचं मी नंतर सांगते.

उताराच्या शेवटी रस्ता उजवीकडं वळला.

मी डावीकडं वळले. हातांनी दुसरं काय माहीतच नव्हतं. डाव्या हाताला एका मोठ्या घराचं अंगण उघडं होतं. शेणानं सारवलेलं, गोल, सपाट, मधोमध तुळशीवृंदावन. माझ्या पायांना वाटलं, आलो आपल्या खळ्यावर. आणि मी तिथं गोल फिरायला लागले.

त्या अंगणात साठं घातलेली होती. आंब्याचा रस ताटांत, परातींत, धोतराच्या फडक्यांवर पातळ पसरून वाळवतात ना, ती. सगळं अंगण पिवळं. माझी चाकं कडेकडेनं गेली, पण मागच्या फांदीनं काय ठेवलं नाय. पहिल्या फेरीत ताटं उलटी, दुसरीत फडकी फांदीला गुंडाळली, तिसरीत माती नि रस एक झाला. मी मेढ शोधत होते. मेढ कुठनं असणार! शेवटी कडेच्या मांडवाच्या खांबाला मिठी मारली, तेव्हा सायकल पडली नि मी उभी राहिले.

घरातनं बाई बाहेर आली. पन्नाशीची, हातात झारा. तिनं अंगण बघितलं, फांदी बघितली, मग मला.

"काय गो? तुळशीला प्रदक्षिणा घालायला आलीस, ती झाडू घेऊन?"

शेजारपाजार जमायला वेळ लागला नाय. कोणी म्हणालं, वेडी असेल. कोणी म्हणालं, पोटऱ्या बघा, कुठनं तरी कामाला आलेली दिसतेय. मी हात जोडले, म्हटलं, चुकलं. बाई ओरडतच होती. "चार दिवसांची मेहनत! कोणाकडची तू? कोण तुझं इथं?"

तेवढ्यात गर्दीत मला नणंद दिसली. तिची आळी तिथनं दोन घरांवर, आवाज ऐकून आली असणार. आणि फाटकाशी हे, धापा टाकत, सायकल हातात धरून. मी यांच्याकडं बोट करणार, तोच नणंद पुढं झाली.

"माझ्याकडं कामाला ठेवलीय नवीन," ती त्या बाईला म्हणाली. "कल्याणहून भावानं पाठवलीय. अडाणी आहे, माफ करा."

मी यांच्याकडं बघितलं. नणंदेनंही बघितलं, डोळे वटारून. हे सायकलच्या घंटीकडं बघत राहिले. घंटी तेवढी काय बघण्यासारखी नव्हती.



बाई म्हणाली, "माफीनं साठं वाळत नाहीत. दोन दिवस पाठव हिला. हिच्याकडूनच करून घेते."

"पाठवते की," नणंद म्हणाली. "कामाचीच आहे."

घरी आल्यावर मी यांना मागच्या खोलीत गाठलं. "तुमच्या तोंडाला काय झालं होतं?"

तेव्हा मला कळलं. ते घर त्याच वजनदार माणसाचं, ज्याच्या शब्दावर यांना जागा मिळायची होती. परवा दुपारी भेटायचं ठरलेलं. हे म्हणाले, "ताईनं किती दिवस खटपट केलीय. दोनच दिवस. जागा मिळाली की मी स्वतः त्यांना सांगेन."

"काय सांगाल? मोलकरणीशी लग्न लावलं म्हणून?"

"हळू बोल."

मी त्यांच्याशी बोलायचं सोडलं. त्या घरात नणंद माझ्याशी बोलत नव्हती, मी यांच्याशी बोलत नव्हते, आणि नणंदेचा नवरा कोणाशीच कधी बोलत नसे. भांडी तेवढी बोलायची.

सकाळी मी त्या बाईच्या अंगणात हजर झाले. तिनं रायवळ आंब्यांची टोपली पुढं ओढली. पिळ, गाळ, ताटाला तूप लाव, पसर. आणि सगळा वेळ तोंड चालू. "पातळ, पातळ! गादी घालतेस काय?" "कोयीला चिकटलेला रस कोण चाटणार, तुझी ती मालकीण?" मी दुपारपर्यंत ऐकलं. मग म्हटलं, "बाय, काम मी करते, माझी चूक आहे. पण मी कोणाची मोलकरीण नाय. त्या तुमच्याकडं बोलल्या त्या माझ्या नणंद. फाटकात सायकल धरून उभे होते ते माझे मालक."

तिचा हात थांबला. "उद्या येणारा मास्तर तो?"

"व्हय."

"आणि तो गप्प राहिला?"

मी पुढचा आंबा पिळायला घेतला. तिनं परत रस ढवळायला घेतला. ढवळता ढवळता म्हणाली, "फांदी कुणाच्या डोक्यातली?"

"माझ्या."

"वाटलंच. त्याच्या नसणार." आणि लगेच, "हात चालव! खरं सांगितलंस म्हणून आंबे आपोआप पिळून होणार नाहीत."

मला वाटलं होतं, सत्य कळल्यावर ती मऊ होईल. कसली! उलट दुसऱ्या दिवशी टोपल्या दोन होत्या.

त्या दुपारी हे आले. धुतलेला कोट, काळी टोपी, बरोबर नणंद, ठेवणीतली साडी नेसून. घरधनी ओटीवर झोपाळ्यावर बसलेला. मी अंगणात, कोपरापर्यंत पिवळी, वाळलेली साठं उलटत होते. हे माझ्यासमोरनं चालत ओटीवर गेले. नणंदेनं वळूनसुद्धा बघितलं नाय. बोलणं सुरू झालं, कुठली परीक्षा, किती वर्षं नोकरी. सगळं मला ऐकू येत होतं. घरधनी खूश दिसत होता. मी मनात म्हटलं, झालं, जागा मिळाली. मुरबाड गेलं, बाबा गेला, आता ती पाखाडी नि ती घागर.

बाईनं पन्ह्याचे पेले आणले. यांच्या हातात पेला देताना सरळ विचारलं, "मास्तर, कुटुंबाला आणलंय का बरोबर?"

नणंद पटकन म्हणाली, "नाही, ती कल्याणलाच आहे. नाजूक तब्येत."

"तुम्हाला नाही विचारलं," बाई म्हणाली. "मास्तरांना विचारलं."

मी उलथणं हातात धरून तशीच बसले. बघायचं नाय असं ठरवलं होतं, तरी बघितलं. यांनी पेला ओठाला लावला, परत खाली ठेवला. टोपी काढून मांडीवर ठेवली. एक साठं माझ्या हातात फाटलं.

"आणलंय," हे म्हणाले. "ती काय, तिथं. साठं उलटतेय ती."

झोपाळ्याची कडी कुरकुरायची थांबली. घरधन्यानं नणंदेकडं बघितलं, यांच्याकडं बघितलं. "परवा तर ही मोलकरीण होती म्हणे."

"परवा मी गप्प बसलो होतो," हे म्हणाले.

"म्हणजे आमच्या घरात येऊन दोघं बहीणभाऊ आम्हाला बनवत होतात." त्यानं पन्ह्याचा पेला बाजूला सारला. "असा मास्तर पोरांना काय शिकवणार?" त्याचं बोलणं खोटं नव्हतं. मला झोंबलं, तरी खोटं नव्हतं.

नणंद उठली. अंगणातनं जाताना माझ्याजवळ थांबली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा ती मुरबाडचं बोलली, अगदी आमच्यासारखी. "माझं नाक कापलंस ना, गो? आता माझ्या दारात पाय ठेवू नको. त्यालाबी सांग." आणि गेली.

हे अंगणात आले. मी म्हटलं, "अजून अर्धी ताटं राहिलीत." हे कोट काढून माझ्यासमोर उकिडवे बसले नि ताटं उलटायला लागले. त्यांना येत नव्हतं, दोन फाडली. बाई ओटीवरनं ओरडली, "त्याला उठव! नासधूस पुरे झाली!"

दुसऱ्या दिवशी बोट होती. नणंदेनं आमचं सामान बाहेर काढून ठेवलं होतं, वर लाल तांदळाचं गाठोडं, गाठ तशीच. ते मी त्या साठंवाल्या बाईच्या ओटीवर ठेवून आले. ती म्हणाली, "लाल आहे होय? पेजेला बरा." एवढंच. मला साठं दिलं नाय हो तिनं, एकसुद्धा.

बोटीवर मी यांच्याशी बोलले नाय. तुला वाटेल, शेवटी बोलले की ते, मग राग कसला? पण ते दोन दिवस होते ना मधे. मुंबईहून आगगाडीनं कल्याणला आलो, मुरबाडच्या गाडीत बसलो, घर जवळ आलं, तेव्हा मी म्हटलं, "पाणी प्याल?" तिथनं परत बोलणं सुरू झालं.

नणंदेनं दार उघडलं नाय, कधीच. हे दर दिवाळीला पत्र टाकायचे, उत्तर आलं नाय. ती गेल्याचं आमाला तेरावं उलटल्यावर दुसऱ्याकडून कळलं. हे शाळेत गेले नि संध्याकाळी परत आले, जेवले नाहीत. नणंदेनं मला माणसात धरलं नाय हे खरं, पण तिनं यांना माणसात आणलं होतं हेही खरं. मला तिची कीव येत नाय. आली असती तर बरं झालं असतं, पण येत नाय. हे जन्मभर त्या चार इयत्तांचेच मास्तर राहिले. मोठ्या शाळेचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाय, आणि माझ्यामुळं झालं असंही कधी म्हटलं नाय. म्हटलं असतं तर भांडायला तरी बरं पडलं असतं.

फक्त अधनंमधनं, जेवताना, सहज विचारल्यासारखं विचारायचे, "शहर तुला अगदीच आवडलं नव्हतं का गं?"

मी म्हणायचे, "नाय. काडीभर नाय."

शब्द दिला होता ना त्यांनी, आवडलं नाही तर परत येऊ. म्हणून ते मला तसंच म्हणत राहावं लागलं. तो उतार मी त्यांना कधी सांगितला नाय. ती खरखर, तो खारट वारा, हात सैल सोडलेले. सांगितलं असतं तर त्यांना वाटलं असतं, मग आपण बहीण कशाला घालवली? आता ते नाहीत. म्हणून तुला सांगितलं, आणि तुझ्यापाशीच राहू दे.

कार्ड मी भिंतीतल्या देवळीत ठेवलंय. चित्रात डोंगर आहे, कौलं आहेत, रस्त्याची एक तांबडी रेघ खाली गेलीय. तोच उतार का, माझ्या डोळ्यांना आता कळत नाय. तू समोर बसून बोट ठेवून दाखवायला हवंस. तर लवकर ये. मळणी आटपली की ये, खळं रिकामं असतं, मेढ अजून तीच आहे. जीप घेऊन येऊ नको. सायकलनं ये, आणि उतारावर ब्रेक बघून ये.